दोरी विटकरांच्या हातात

"गाढवं गेली?" हवालदार ठोकळांनी चहाची बशी खाली ठेवली आणि मागच्या बाकावरच्या शिपायाकडं वळून पाहिलं. "बघ रे, आपल्यातले सगळे हजर हायेत का!"

दोघं पोट धरून हसले. अम्मा माझ्या शेजारी डोक्यावर पदर घेऊन उभी होती. तीही थोडंसं हसली. साहेब हसले की आपणही हसायचं, असं ती लहानपणापासून शिकलेली. मला ठोकळांच्या हसण्यापेक्षा तिच्या हसण्याचा जास्त राग आला.

"चार गेली, साहेब," मी म्हणाले. "भीमा, तांबडा, पांढरी आणि काजळीचं शिंगरू. काल पहाटे. दावी कापलेली हायेत. तक्रार लिहून घ्या."

"चरत गेली असतील. येतील."

"दावं कापून चरायला जातात व्हय?"

"तोंड सांभाळ, हिरे. म्हशी असत्या तर लिहिलं असतं. गाढवाची कसली तक्रार लिहायची?"

"कुठं हायेत तेबी ठावं हाय आम्हाला. हायवेच्या ढाब्यामागं जी जुनी कोंबड्यांची शेड हाय ना, तिथं."

आता ठोकळ हसायचे थांबले. तो ढाबा संग्रामचा होता आणि संग्राम हा आमच्या खडकुळीच्या सरपंचांचा जावई होता. "कुणी सांगितलं तुला?"

"काजळीनं."

"ही काजळी कोण?"

"शिंगराची आई."

मग जे हसू फुटलं ते चौकीबाहेरच्या टपरीपर्यंत ऐकू गेलं असेल. गाढवीची साक्ष! शिपाई तर डोळे पुसायला लागला. मी अम्माचा हात धरला आणि पायरी उतरले. वाटेत ती म्हणाली, "साहेबाशी असं बोलू नये गं." मी पाय उचलून पुढं निघाले. थांबले असते तर तिलाच बोलले असते.

आम्ही वडार. माती वाहायची, विटा वाहायच्या, त्यासाठी घरात गाढवं. माझा बाप यल्लप्पा विटकर गेला तेव्हा मागं एक पत्र्याची खोली आणि पाच गाढवं ठेवून गेला. भीमाला तर त्यानं बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं आणि ओळखीसाठी त्याच्या मांडीवर तापल्या सळईनं तीन रेघा डागल्या होत्या. वीटभट्टीपासून गाडीपर्यंतची वाट आमच्या गाढवांना इतकी पाठ होती की मागं माणूस लागायचा नाही. विटा लादल्या की आपली आपण जायची आणि रिकामी झाली की आपली आपण परत यायची. गावात गाढवावरच्या म्हणी सगळ्यांना येतात, पण गाढव काम कसं करतं ते कुणी नीट बघितलेलं नाही.

त्या हिवाळ्यात आजूबाजूच्या पालांवरून गाढवं नाहीशी व्हायला लागली होती. आधी वाटलं, चुकली असतील. मग हायवेच्या नाक्यावर गाढवं भरलेला एक टेम्पो पकडला गेला आणि कळलं की मटणासाठी नेतात. कुणीतरी पसरवलं होतं की गाढवाचं मटण खाल्लं की छातीत दम भरतो, कितीही पळा, धाप लागत नाही. मी तेव्हा अंगणवाडीत मदतनीस होते, दहावी शिकलेली, आणि तोंडानं फटकळ. भाजीवाल्या मामूचा भोंगा मागून घेतला आणि दर बाजारच्या दिवशी चौकात उभी राहायला लागले. "गाढवाच्या मटणानं ताकद येत नाही. हा चोरीचा धंदा आहे. गाढव चोरतात तेव्हा एका घराचे हातपाय चोरतात. खाऊ नका, विकू देऊ नका."

लोक थांबायचे, मोबाइलवर माझं शूटिंग करायचे आणि हसत निघून जायचे. माझं नाव 'गाढवताई' पडलं.

शाळेच्या मैदानावर पोलीस भरतीची पोरं पळायची. मी तिथंही भोंगा घेऊन गेले. एकजण म्हणाला, "ताई, आम्ही कुठं गाढव खातो? आम्ही संग्रामदाजींच्या ढाब्यावर भरती थाळी खातो."

"त्या थाळीत काय असतं?"

"मटण असतं. कसलं ते कशाला विचारायचं? आमचा टायमिंग सुधारला ना!"

"अरे, गाढव खाऊन पळता येत असतं, तर ते गाढव चोराच्या हाती लागलं असतं का? तेच नसतं पळालं?"

पोरं हसली. हसण्यात मी त्यांना दरवेळी हरवायचे आणि दर रविवारी ती ढाब्यावर जायची. संग्राम तसा गोड माणूस. वाटेत भेटला की हात जोडायचा, "काय गाढवताई, प्रचार कसा चाललाय?" म्हणायचा. त्याच्या त्या हात जोडण्यानं माझं डोकं सणकायचं.

शिंगरू गेलं त्या दिवशी काजळी पहाटेपासून एकसारखी ओरडत होती. तिचे सड दुधानं तटतटलेले. दावं सोडलं तर ती मला ओढत थेट हायवेकडं निघाली, कुठं थांबली नाही, कुठं वळली नाही. शेडच्या फाटकाशी जाऊन तिनं हाक दिली आणि आतून बारीक आवाजात उत्तर आलं. तो आवाज मी ओळखते. राखणदार काठी घेऊन धावला. एक काठी काजळीच्या तोंडावर बसली, एक माझ्या दंडावर. दुसऱ्या दिवशी आम्ही चौकीवर गेलो आणि तिथं जे झालं ते वर सांगितलं.

रविवारी दुपारी सरपंच स्वतः आमच्या दारात आले. त्यांना सगळं गाव नाना म्हणतं. एका हातात नारळ, मागं गड्याच्या हातात मोठा डबा.

आमच्या गावात धुळवडीला एका जावयाला गाढवावर बसवून मिरवतात. गळ्यात चपलांची माळ, तोंडाला काळं, पुढं हलगी. मारुतीच्या देवळाशी वरात संपली की सासरा त्याला कपडे आणि अंगठी देतो. त्यात कुणाचा अपमान नाही, गंमत असते, मान असतो. जावई लपून बसतात आणि पोरं हुडकून आणतात. गाढव मात्र विटकरांचंच लागतं आणि त्याची दोरी विटकरांच्याच हातात राहते. देवळाशी दोरी खाली ठेवली की वरात संपली. तोवर सरपंच असो की पाटील, दोरीला दुसऱ्यानं हात लावायचा नाही आणि जावयानं पाय जमिनीला लावायचा नाही. ही रीत कुणी घातली ते ठाऊक नाही, पण गावानं ती कधी मोडलेली नाही.

"यंदा आमच्या संग्रामरावांचा नंबर," नाना म्हणाले. "नारळ घ्या, नागम्मा. आणि हे जेवण. जावईबापूंनी आज सगळ्या गावाला जेवू घातलंय. स्वतःच्या ढाब्यावर शिजवून आणलं. तुमच्या मानाचा डबा म्हटलं आपण घेऊन जावा."

"आमची चार गाढवं चोरीला गेलीत, नाना," मी म्हणाले.

"कळलं मला. सापडतील गं. काजळी हाय ना? धुळवडीला तेवढी पुरे."

पुरे. हा शब्द माझ्या कानात आजही तसाच आहे. आमचं घर कशावर चालणार हे त्या माणसाच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. त्याला गाढव फक्त वरातीपुरतं लागत होतं. माझ्या तोंडावर आलं होतं, घेऊन जा तुमचा नारळ. मग मला काहीतरी सुचलं आणि मी गप्प झाले. मी गप्प झाले की अम्मा घाबरते. ती माझ्याकडं बघायला लागली.

"दोरी कुणाच्या हातात राहील, नाना?" मी विचारलं.

"तुमच्याच की. रीत हाय ती."

"देवळापर्यंत?"

"खाली ठेवंपर्यंत तुझ्याच हातात. सरपंच म्हणून शब्द देतो, मग तर झालं?" नाना हसले.

मी नारळ घेतला.

संध्याकाळी अम्मानं डबा उघडला. मी म्हणाले, टाकून दे. ती म्हणाली, "मानानं आलेलं अन्न टाकत नाहीत, हिरे." रागानं मी भाकरी आणि ठेचा खाल्ला आणि भिंतीकडं तोंड करून बसले. अम्मा सावकाश जेवली. दोन दिवस तिच्या पोटात काही नव्हतं. मटण जरा चिवट आहे म्हणाली, पण भांडं पुसून खाल्लं.

होळी झाली. मंगळवारी धुळवड. संग्राम लपलाच नव्हता. पांढरा सदरा घालून आरामात ओट्यावर बसला होता, कारण त्याला मिरवायची हौस होती. पोरांनी त्याला उचलून काजळीवर ठेवलं. भरतीचीच पोरं ती, दोन इकडून, दोन तिकडून, त्याच्या मांड्या धरून. जावई उतरून पळू नये म्हणून असं धरतात. हलगी कडाडली. मी दोरी मनगटाला गुंडाळून पुढं चालत होते. अम्मा बायकांत मागं होती. सगळं गाव रंगलेलं. ठोकळसुद्धा वर्दीवर गुलाल घेऊन नाचत होते.

मारुतीच्या चौकात उजवीकडं देऊळ आहे आणि डावीकडची वाट हायवेला जाते. तिथं पोचल्यावर मी दोरी सैल सोडली. हातातून सोडली नाही, फक्त सैल केली.

काजळी डावीकडं वळली.

"अगं, देऊळ हिकडं!" कुणीतरी ओरडलं.

"यंदा मोठी फेरी हाय!" मी ओरडले. "सरपंचाचा जावई हाय, एवढ्याशा फेरीत भागतंय व्हय?"

लोकांनी आरोळ्या ठोकल्या. हलगीवाल्याला तर चेवच आला. गाव मागं वळलं आणि हायवेकडं चालू लागलं. वाटेत उसाचे फड लागेपर्यंत संग्राम हसत होता. मग त्याच्या लक्षात आलं.

"ए, कुठं नेतीस?"

"मी कुठं न्यायला? दोरी ढिली हाय बघा. ती नेतीय."

"नाना! हिला थांबवा. मी उतरतो." त्यानं पाय टाकायचा प्रयत्न केला. पोरांनी आणखी घट्ट धरलं. त्यांना वाटलं, जावई नेहमीची नाटकं करतोय. "दाजी, उतरायचं नाय! रीत हाय!" ज्यांना त्यानं थाळ्या खाऊ घातल्या होत्या त्यांच्याच हातात तो अडकला होता. चपलांच्या माळेतून त्याचं तोंड मला दिसत होतं आणि खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटत होतं.

फाटकाशी काजळी थांबली आणि तिनं हाक दिली. हलगी आपोआप बंद पडली. आतून बारीक आवाज आला.

राखणदार मालकाला गाढवावर बघून गोंधळला. "कुलूप उघड," मी म्हणाले.

"उघडू नको!" संग्राम किंचाळला.

सगळं गाव आता नानांकडं बघत होतं. नाना कपाळाचा रंग पुसत म्हणाले, "का उघडायचं नाही? काय हाय आत, संग्रामराव?" संग्रामनं तोंड फिरवलं. "उघड रे," नाना राखणदाराला म्हणाले. धनी सरपंचांचा जावई खरा, पण उघड म्हणणारा खुद्द सरपंच होता. त्यानं उघडलं.

काजळी संग्रामसकट आत घुसली. शिंगरू धडपडत आलं आणि तिच्या पोटाखाली शिरून दूध प्यायला लागलं. अंगावर मांस नाही म्हणून ठेवलेलं असणार. मागं पांढरी होती आणि दुसऱ्या पालांवरची काही गाढवं, पाय बांधलेली. भीमा आणि तांबडा दिसत नव्हते.

पलीकडच्या कोपऱ्यात लाकडाचा ओंडका होता, त्याच्याजवळ दोन मोठी पातेली. गावात भांड्यांवर नावं कोरून घेतात. त्या पातेल्यांवर नानांच्या वडिलांचं नाव होतं. रविवारच्या जेवणाला सरपंचांच्या घरून गेलेली पातेली ती, अजून घासलेलीही नव्हती. त्यांच्या शेजारी मीठ लावून पसरलेली दोन कातडी. एक तांबडं. दुसऱ्यावर मांडीच्या जागी तीन रेघांचा डाग होता. माझ्या बापाच्या हातचा.

क्षणभर कुणाला काही समजलं नाही. मग सगळ्यांना एकदमच समजलं.

संग्रामच्या मांड्या धरलेला एक पोरगा पहिल्यांदा ओकला. मग दुसरा. बायका भिंतीला धरून बसल्या. आणि मग जो आरडाओरडा सुरू झाला! "आम्हाला गाढव खाऊ घातलं! अख्ख्या गावाला बाटवलं! सणाच्या तोंडावर!" संग्रामला खाली ओढलं, लाथा बसल्या, माळेतल्याच चपला काढून त्याला मारल्या. ठोकळ तोंडाला रुमाल लावून मधे पडले. रविवारी त्यांनी दोनदा वाढून घेतलं होतं, साऱ्या गावानं बघितलं होतं. "गुन्हा दाखल करतो!" ते ओरडत होते. "फसवणूक हाय ही! लोकांना भलतंच खाऊ घातलं! सोडणार नाही!"

मी तिथं दोरी धरून उभी होते. महिनोन्महिने मी भोंग्यात ओरडून घसा फोडला तेव्हा हे लोक हसले. आता ओरडत होते, पण कशासाठी? त्यांच्या पोटात गाढव गेलं म्हणून. आमच्या दारातून गाढव गेलं याचा त्यात एक शब्द नव्हता.

अम्मा कुठं आहे म्हणून मी पाहिलं. ती त्या कातड्यापाशी बसली होती. तीन रेघांवरून बोट फिरवत होती. मी जवळ गेले तेव्हा तिनं वर पाहिलं.

"हिरे," ती म्हणाली, "मी जेवले गं."

ती ओकली नाही, रडली नाही. ज्याला तिच्या नवऱ्यानं बाटलीनं दूध पाजलं होतं त्याला ती मान राखायचा म्हणून भांडं पुसून जेवली होती.

त्यापुढं मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की मी दोरी वर धरली आणि ओरडले, "वरात संपली नाही अजून! दोरी माझ्या हातात हाय. ह्याला बसवा वर!"

"आता कसली वरात?" नाना म्हणाले.

"तुम्ही शब्द दिला होता. दोरी खाली ठेवंपर्यंत माझी. जावयाचा पाय जमिनीला लागला, रीत मोडली, आधी ती पुरी करा. तुम्ही काय खाल्लं म्हणून ओरडताय ना? ही बाई बघा. हिनं काय खाल्लं ते विचारा हिला!"

कुणी विचारलं नाही. मग जो पहिल्यांदा ओकला होता त्या पोरानं तोंड पुसलं, संग्रामच्या काखेत हात घातला आणि त्याला उचलून काजळीवर टाकलं. काजळी निघाली, शिंगरू तिच्या अंगाला अंग लावून. आता दोरी सैल नव्हती. हलगी वाजत नव्हती. मी वरात देवळाशी नेली नाही, चौकीच्या पायरीशी नेली.

"लिहा," मी ठोकळांना म्हणाले.

"लिहितो की. फसवणूक, भेसळ..."

"आधी चोरी लिहा. चार गाढवं चोरली. नावं मी सांगते."

"अगं, ते नंतर बघू. मोठा गुन्हा..."

"मग हा पण वरच बसू दे. मी दोरी ठेवत नाही."

ठोकळांनी गावाकडं पाहिलं. आज त्यांच्याबरोबर कुणी हसणार नव्हतं. ते टेबलाशी बसले आणि मी एकेक नाव सांगत गेले. सगळी लिहून झाली तेव्हा मी दोरी पायरीवर ठेवली.

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. खटला लांबत राहिला, संग्राम जामिनावर सुटून दुसरीकडं गेला. ढाबा बंद झाला. भरती थाळी आता आमच्या भागात कुणी मागत नाही आणि कुणी विकतही नाही. मामूच्या भोंग्यानं जे झालं नाही ते त्या दोन पातेल्यांनी केलं. अम्मानं मात्र त्या दिवसापासून कुणाच्या घरचा घास तोंडात घेतला नाही. मानाचा तर नाहीच.

त्या प्रकाराच्या पुढच्याच वर्षी धुळवड आली. गावाला वरात हवी होती. रीत मोडायला कुणी तयार नव्हतं. नाना नारळ घेऊन आमच्या दारात आले, मागं दहापाच माणसं. मी दारात उभी राहिले, भांडायच्या तयारीनं. अम्मानं मला हातानं बाजूला केलं आणि स्वतः पुढं आली.

"नारळ घेते," नारळ हातात घेत ती म्हणाली. "आधी सांगा, आमच्या दारातून काय गेलं होतं?"

नाना म्हणाले, "नागम्मा, झालं गेलं ते आता..."

"काय गेलं होतं?"

नानांनी मान खाली घातली. "गाढवं," ते पुटपुटले.

"नावं?"

"भीमा. तांबडा. पांढरी. आणि काजळीचं शिंगरू."

मागच्या माणसांत कुणाला तरी हसू फुटलं. सरपंचानं गाढवांची नावं घ्यायची, हे त्याला मजेचं वाटलं असेल. मी अम्माकडं पाहिलं. साहेब हसले की हसणारी माझी आई. ती हसली नाही. तिनं घेतलेला नारळ परत नानांच्या हातात ठेवला.

"परत सांगा," ती म्हणाली. "मोठ्यानं."